केरी ते चोर्ला, घर ते नाका

शनिवार, रात्र

आज दिवसभर दुसऱ्याची गाडी हिंडवली आणि आता झोप येत नाही. डोळे मिटले की इंजिनाचा आवाज कानात घुमतो. बावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं लिहून कुणाला फसवू?

गाडी बीएमडब्ल्यूची एम 340 आय. भाच्याने नुकतीच घेतलेली. तो काल मुंबईला गेला आणि जाताना किल्ली माझ्या फार्मसीच्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "मामा, तीन दिवस तुझ्याकडे. घ्यायची की नाही ते चालवून ठरव." ताळगावच्या जमिनीतला माझा वाटा दिवाळीत हाती आला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पैशाचं काय करावं याची जास्तीत जास्त मतं ज्यांचा वाटा नव्हता त्यांच्याकडे आहेत.

पहाटे साडेपाचला मी आणि बायको निघालो. गोव्यातल्या फोंड्याहून खांडेपार, उसगाव, मग होंडा. होंडा गावातून बीएमडब्ल्यू नेताना मी विनोद केला, ही हसली नाही. उसगावच्या पट्ट्यात रस्ता खडबडीत आहे तिथे गाडीने पहिली चुगली केली. टायर पातळ, सस्पेन्शन ताठ. प्रत्येक खड्डा आधी कमरेला कळतो, मग डोळ्यांना दिसतो. 'कम्फर्ट'वर ठेवली होती तरी. आमची नऊ वर्षांची डिझेल इथून डुलत डुलत जाते, ही कुरकुरत जाते. टायरचा आवाजही आत येतो. एवढ्या किमतीच्या गाडीत रस्त्याची खरखर ऐकू येणं मला खटकलं.

केरी मागे पडली, डावी-उजवीकडे रान दाट झालं आणि चोर्ला घाट सुरू झाला. तिथून पुढे मी गप्प बसलो.

फार्मसीवाल्याला इंजिनातलं काय कळतं, असं भाचा म्हणतो. पण बाबांच्या जुन्या कॉलमगिअरच्या गाडीखाली मी अर्धं बालपण काढलंय. या गाडीचं इंजिन 2998 सीसीचं, सहा सिलिंडर एका रांगेत. अशा रांगेत पहिला आणि सहावा पिस्टन, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा, अशा जोड्या एकाच वेळी वर-खाली होतात, आणि एका जोडीचा हिसका उरलेल्या दोन जोड्या आपसात जिरवून टाकतात. चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात हेच साधायला बऱ्याचदा हिसका जिरवणारे वेगळे दांडे, बॅलन्स शाफ्ट, बसवावे लागतात. इथे ते रचनेतच आहे. म्हणून थंडगार इंजिन सुरू केलं तरी डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा हलत नाही. मी ठेवून बघितला.

ताकद 374 अश्वशक्ती लिहिली आहे, पण घाटात कामाला येतो तो दुसरा आकडा: 500 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तोही मिनिटाला 1900 फेऱ्यांपासून थेट 5000 पर्यंत सपाट. म्हणजे वळणातून बाहेर पडताना गिअर शोधावा लागत नाही, इंजिन ओरबाडावं लागत नाही. पाय जरासा टेकवला की चढसुद्धा उतारासारखा वाटायला लागतो. अंजुण्याचं धरण खाली धुक्यात बुडालेलं, रस्ता ओला, कडेला लाल माती वाहून आलेली. चारही चाकांना ताकद जाते तरी माप मागच्या चाकांकडे झुकतं ठेवलंय, त्यामुळे वळणात नाक ओढलं जात नाही, पाठीमागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. एका वळणावर वरून ट्रक आला, मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी बसली. हिने दाराचं हँडल धरलं होतं, ते सोडलं. नऊ वर्षांत तिने डिझेलमध्ये हँडल कधी सोडलेलं नाही.

स्टेअरिंगबद्दल मात्र माझं मन दोन ठिकाणी आहे. जिथे बघावं तिथे गाडी जाते, एका केसाचाही फरक नाही. पण टायरखाली काय चाललंय ते तळव्यांना सांगत नाही. हुशार पण अबोल कारकुनासारखं. काम चोख, गप्पा शून्य.

आणि ते पडदे! 12.3 इंचांचा एक, 14.9 इंचांचा दुसरा, एकाच वाकवलेल्या काचेखाली. दिसायला झकास. पण एसीचं तापमान कमी-जास्त करायची बटणं त्यांनी काढून पडद्यात घातली. वळणावळणाच्या घाटात बोटाने पडद्यावर आकडा टिपायचा म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा चोर्ल्याला आणायला हवं. बरं, गिअरजवळचं फिरवायचं बटण मात्र ठेवलंय, म्हणजे त्यांनाही थोडी शंका होतीच.

चोर्ल्याला टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीकडे बघून विचारलं, "किती देते?" साडेचार सेकंदांच्या आसपास शंभर, असं सांगितलं असतं तर तो हसला असता. इथे तसं करून बघायला जागा तरी कुठे आहे? मी म्हटलं, "उजव्या पायावर आहे." तो म्हणाला, "म्हणजे देत नाही."

परतताना मी मागच्या दाराजवळ काचेची खालची कड पुढे वळते तो बीएमडब्ल्यूचा ओळखीचा मुरका बघत उभा राहिलो. 1961 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात कंपनीने मांडलेल्या गाडीवर तो होता, तेव्हापासून चालत आलाय. नाकावरची जाळी प्रत्येक पिढीत बदलते, कधी माणसाला आवडते, कधी चिडचिड होते. मुरक्यावर कुणाची तक्रार ऐकली नाही.

रविवार

आईला देवळात न्यायचं होतं. पुढच्या सीटवर तिला बसवायला दहा मिनिटं लागली. सीट जमिनीलगत, गुडघे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ती दाराशी उभी राहून सीटकडे बघत म्हणाली, "बसेन रे, पण मग उठवणार कोण?" शेवटी आम्ही दोघांनी धरून बसवली. मागे बसवलं असतं तर मधला उंचवटा पायात आला असता. मागच्या चाकांकडे ताकद न्यायची तर तो दांडा कुठून तरी जाणारच. याच घराण्यातली जास्त लांब, मागे ऐसपैस बसता येईल अशी गाडी आपल्याकडे मिळते, हे मला ठाऊक आहे. पण मला सहा सिलिंडर हवेत. म्हणजे माझा हट्ट आणि आईचे गुडघे, असा हा हिशेब आहे.

देवळातून येताना आई म्हणाली, "गाडी चांगली आहे, आत थंड आहे." एवढंच.

रात्री पैशाचा विषय निघाला. 2024 च्या नोव्हेंबरात या गाडीची एक्स-शोरूम किंमत 74 लाख 90 हजार होती. मी हिला सांगत होतो की सप्टेंबर 2025 पासून अशा मोठ्या सेडानवरचा कर 48 टक्क्यांवरून 40 वर आला. ती भाजी निवडत होती. "आठ टक्के वाचवायला ब्याण्णव खर्च करायचे?" असं म्हणाली. गणित तसं नाही, पण मी दुरुस्त करायला गेलो नाही.

सोमवार

आज भाचा येऊन गाडी घेऊन गेला. "काय ठरलं?" म्हणाला. मी म्हटलं, "सांगतो." त्याला कसं सांगू की घाटाने नाही, आमच्या वाड्याने, म्हणजे वस्तीने, घोळ केलाय?

आमच्या घरापासून नाक्यापर्यंत चारशे मीटरही नसतील. त्यात दोन गतिरोधक. शनिवारी पहाटे पहिल्यावर मी खाली उतरलो, हिला पुढे उभं केलं, ती टॉर्च धरून हाताने खुणा करत होती आणि मी तिरकी तिरकी करत एकेक चाक चढवत होतो. पोट घासलं नाही, पण नखभर अंतर राहिलं असेल. संध्याकाळी परतताना पुन्हा तेच, या वेळी शाळकरी पोरं बघायला जमलेली. एकाने टाळ्या वाजवल्या.

केरी ते चोर्ला मी वर्षातून किती वेळा जाणार? बेळगावला कपड्यांना एकदा, लग्नाकार्याला एकदा. घर ते नाका रोज चार वेळा.

म्हणून आज दुकान बंद करून आल्यावर हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि गेलो मोजायला. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: गोलसर गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे ताशी 25 च्या वेगाने गाडी आरामात वरून जावी. आमचा पहिला 16 सेंटिमीटर उंच आणि रुंदीला पाऊण मीटरही नाही. कोणी, कधी घातला ते वाड्यावर कुणालाच आठवत नाही. डांबराचा ढीग ओतून फावड्याने थापटलेला दिसतो.

मी उकिडवा बसून आकडे लिहीत होतो तेवढ्यात शेजारचे काका सायकल हातात धरून थांबले. "काय रे, काय मोजतोस अंधारात?"

"गतिरोधक, काका. जास्त उंच आहे. पंचायतीत अर्ज देईन म्हणतो."

"गाडीसाठी?"

मी काहीच बोललो नाही. काकांनी सायकल स्टँडवर लावली, माझ्या हातातून टेप घेतली आणि दुसऱ्या गतिरोधकाकडे चालायला लागले. "तो याहून वाईट आहे," म्हणाले. "माझी बांगडे भरलेली पिशवी दोनदा तिथेच उडाली. अर्ज लिही, पहिली सही माझी."

दुसरा 18 भरला.