कवडीचा बंधारा, एक खंड्या आणि दोन कॅमेरे

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज मनात होतं तसं झालं एकदाचं. पहाटे पाचला उठले, थर्मासमध्ये चहा भरला आणि दोन्ही कॅमेरे घेऊन पुण्याजवळ कवडीला पक्ष्यांचे फोटो काढायला गेले. दोन्ही म्हणजे कॅननचा नवा आर१० (लेन्स बदलता येणारा, मिररलेस) आणि त्याला लावलेली १००-४०० मिमीची लेन्स, आणि माझा कॅननचाच जुना एसएक्स५० (न निघणारी, लांब झूमची एकच लेन्स असलेला सुपरझूम), जो गेलं दीड वर्ष कपाटात वरच्या खणात स्वेटरांच्या मागे पडून होता. काल रात्री काढून पुसला, बॅटरी चार्जिंगला लावली आणि चालू केला तर लेन्स तशीच भुर्रकन बाहेर आली, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बरेच दिवस डोक्यात होतं की एकाच जागी, एकाच सकाळी, एकच पक्षी दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपून बघायचा. लोक विचारतात ना, माझ्याकडे सुपरझूम आहे, मिररलेस घेऊ का, आणि मी दर वेळी काहीतरी अर्धवट उत्तर देते, तर म्हटलं आधी आपलं आपल्याला तरी कळू दे.

हडपसरहून सोलापूर रोडने अर्ध्या तासाच्या आत कवडी येतं. सव्वासहाला बंधाऱ्यावर पोचले तेव्हा अंधारच होता. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. नदीवर धुकं आणि फेस दोन्ही होते, मुळा-मुठेत सगळ्या पुण्याचं पाणी येतं, त्या फेसाला आणि वासाला वर्षानुवर्षं कमी नाही, बघून दर वेळी जीव तुटतो. आणि त्याच पाण्यात शेकाटे लांब लाल पायांवर उभे, चक्रवाकांची जोडी, शराटी, नदी सुरय, धोबी. एवढं होऊनही हे सगळे इथे येतात याचं मला अजून नवल वाटतं.

पहिला फोटो जुन्यानेच काढला. नव्याला मोठी लेन्स होती, त्याची छोटी लेन्स घरी राहिलेली, आणि समोर धुक्यातून एक माणूस टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत चाललेला, मागे आकाश जेमतेम केशरी. एसएक्स५० चा झूमचा दांडा डावीकडे सरकवला की २४ मिमी (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), सगळी नदी आली. मग तोच दांडा उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, १२०० मिमीपर्यंत, आणि त्या माणसाच्या मफलरची गाठ दिसायला लागली. लेन्स बदलणं नाही, पिशवी उघडणं नाही. पन्नास पट झूम, २०१२ साली आलेला कॅमेरा, वजन सहाशे ग्रॅमच्या आत. आर१० आणि १००-४०० मिळून किलोच्या थोडं वरच जातं आणि तरी मिळतं किती, तर १.६ चा क्रॉप (या कॅमेऱ्यात लेन्सच्या आकड्याला लागणारा गुणक) धरून १६० ते ६४० मिमी. म्हणजे लांब बघायचं म्हटलं तर दहा वर्षं जुना कॅमेरा नव्याच्या जवळजवळ दुप्पट लांब बघतो. हे लोकांना सांगितलं की पटत नाही.

पण उजेड. सगळं तिथे येऊन अडतं. सव्वासातनंतर वायरवर एक खंड्या येऊन बसला, कवड्या खंड्या, काळापांढरा. जुन्याने पूर्ण झूम केला की लेन्सचं छिद्र एफ ६.५ च्या वर उघडत नाही (हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० केला तरी शटर सेकंदाच्या १/२०० च्या आसपास, हातात धरून १२०० मिमीला. स्टॅबिलायझर चांगला आहे म्हणून फोटो हलला नाही, पण पिसांच्या जागी नुसता रंगाचा लगदा. गंमत म्हणजे नव्याची लेन्स ४०० ला एफ ८ आहे, म्हणजे त्याहूनही अंधारी, ही गोष्ट विकत घेताना मला फार खुपत होती, पण आयएसओ ३२०० केला, शटर १/५०० च्या वर गेलं आणि फोटोत छातीवरचं पीस न् पीस वेगळं. कारण सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप. जुन्याचा सेन्सर सव्वासहा मिलिमीटरही रुंद नाही, मसूर डाळीच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा, आणि नव्याचा २२ मिलिमीटरच्या वर, टपालाच्या तिकिटाएवढा म्हणा ना. क्षेत्रफळ धरलं तर जवळपास बारा पट. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल, तसंच आहे ते.

मग साडेसातनंतर ऊन आलं आणि खरी मजा सुरू झाली.

हा खंड्या ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तो पाण्यावर हवेत एका जागी थांबतो, पंख जोरजोरात मारत, चोच सरळ खाली, डोकं जराही हलत नाही, आणि मग अचानक पंख मिटून दगडासारखा पडतो. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. जुन्या कॅमेऱ्याने हे टिपायला मी २०१३ पासून किती सकाळी घालवल्या असतील याची मोजदाद नाही. १२०० मिमीला तो चौकटीतून निसटला की समोर नुसतं करडं पाणी, मग लेन्सच्या बाजूला बोटाखाली एक बटण आहे ते दाबून धरायचं, झूम पटकन मागे येतो, पक्षी सापडवायचा, बटण सोडायचं, झूम परत पुढे. हे सगळं होईपर्यंत खंड्या मासा घेऊन समोरच्या बाभळीवर. त्यातून त्याचा व्ह्यूफाइंडर बारीक, डोळा लावला की लांबच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं. फोटो निघायचे ते सेकंदाला दोनेक, एका वेगळ्या मोडमध्ये तेरा निघायचे पण दहा झाले की संपलं, आणि फोकस पहिल्या फोटोला जिथे होता तिथेच. आज परत तो करून बघितला. एकदा पडताना नुसती शेपूट आली, एकदा पाण्यावरचं वर्तुळ. पण चौथ्या-पाचव्या वेळी हवेत थांबलेला मिळाला, बरा मिळाला, आणि मी तिथे एकटीच जोरात "हां!" म्हटलं.

नव्याने तेच अगदी वेगळं. मेनूत विषय म्हणून प्राणी निवडून ठेवलाय, त्यात पक्षी येतात, खंड्या आला की चौकोन त्याच्यावर जाऊन बसतो, जरा जवळ आला की डोळ्यावर. कवड्याचा डोळा काळा आणि काळ्याच पट्ट्यात, त्यामुळे मधे मधे चौकोन डोक्यावरून मानेवर घसरतो, पण सोडत नाही. सेकंदाला पंधरा फोटो. इलेक्ट्रॉनिक शटरने तेवीस निघतात, आवाजही नाही, पण जोरात हलणारे पंख त्यात वाकडे येतात, रबराचे असल्यासारखे, म्हणून मी मेकॅनिकलच ठेवते, खटखट आवाज झाला तरी चालेल.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो पडला आणि पूर्ण पडणं मिळालं. घरी येऊन लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे सरकवत बघितलं. आधी डोळा काळाभोर, चकाकी असलेला, नंतर पाण्याच्या अगदी वर, वीतभर वर असेल, तोच डोळा राखाडी, धुरकट. आधी वाटलं फोकस गेला, पण चोचीचं टोक स्वच्छ होतं. ती त्याची आतली पापणी. पाण्यात शिरताना तो पारदर्शक पडदा डोळ्यावर ओढून घेतो, हे मी वाचलेलं होतं, बघितलं मात्र आज, आणि तेही एकाच फोटोत, त्याच्या पुढच्या फोटोत नुसतं पाणी उसळलेलं. मग वर येतो तेव्हा मासा चोचीत आडवा, शेपटीकडून पकडलेला, आणि पुढच्या काही फोटोंत तो उडता उडताच मासा फिरवून तोंड पुढे करून घेतोय. डोक्याकडून गिळला की कल्ले-काटे घशात अडकत नाहीत. लहान मासा असेल तर हे खंड्ये बसायला कुठे जातसुद्धा नाहीत, हवेतच गिळतात, आणि म्हणून मला इतकी वर्षं वाटायचं की याचा नेम चुकला, हा रिकामाच उडाला. तो रिकामा नव्हताच. मला दिसत नव्हतं.

किती तरी वेळ तो राखाडी डोळ्याचा फोटो उघडून बसले होते.

मग जुन्या हार्ड डिस्कमधून २०१४ चा फोल्डर काढला. त्यात हाच पक्षी, हाच बंधारा, वायरवर बसलेला, जरा मऊमऊ, कडा थोड्या जांभळट. त्याच्या छातीवर दोन काळे पट्टे. त्या दिवशी घरी येऊन मी पुस्तक उघडून शोधलं होतं की दोन पट्टे म्हणजे नर, मादीला एकच असतो आणि तोही मधे तुटलेला. त्याआधी मला खंड्या म्हणजे एकच निळा पक्षी माहीत होता, फार तर फार. लांबवरचा ठिपका, कुठलातरी, काहीतरी, जुन्या कॅमेऱ्याने ओढून जवळ आणायचा आणि रात्री बसून ओळखायचा, असं करत करत माझे दीड-दोनशे पक्षी ओळखून झाले. दुर्बीण घ्यायला पैसे नव्हते, हाच माझी दुर्बीण होता. तेव्हा कोणी माझ्या हातात आर१० दिला असता आणि ४०० ची लेन्स, तर ते लांबचे ठिपके ठिपकेच राहिले असते आणि पक्षी कुठून कुठे जाऊन बसतो, कधी येतो, हे काहीच माहीत नसताना पंधरा फोटो सेकंदाला काढून मी कशाचे काढले असते? आज मी बाभळीच्या बाजूला जाऊन उभी राहिले कारण तो मासा घेऊन तिकडेच येतो हे मला जुन्या कॅमेऱ्याच्या दिवसांनी शिकवलेलं आहे. म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी सुपरझूम घ्यावा, सेकंडहँड मिळाला तरी घ्यावा, हे माझं मत आज पक्कं झालं. पक्षी ओळखायला लागलात, त्यांच्या सवयी कळायला लागल्या, आणि आता पहाटेचा आणि उडतानाचा फोटो हवाय असं वाटायला लागलं की मग मिररलेस. तेव्हा मात्र पैसे साठवा आणि घ्याच, कारण तो जे दाखवतो ते जुना कधीच दाखवू शकणार नाही.

दहानंतर पाण्यावरून झळा उठायला लागल्या आणि दोघांचंही काम संपलं. लांबच्या विजेच्या टॉवरवर कुठलातरी शिकारी पक्षी होता, जुन्याने ओढून बघितलं, पण हवाच थरथरत होती, १२०० ला तर पक्षी वितळल्यासारखा. अशा वेळी झूम जितका जास्त तितकी झळ जास्त दिसते. मार्श हॅरियर असावा, नक्की नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकलंय.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाहीये आणि ती इथे लिहून ठेवते. आज नव्या कॅमेऱ्यात अकराशे चाळीस फोटो आले. जेवण झाल्यापासून निवडतेय, अजून चारशे बाकी आहेत, डोळे चुरचुरतायत. जुन्याने आज ब्याऐंशी काढले आणि त्यातला प्रत्येक फोटो कधी काढला ते मला आठवतंय. पुढच्या वेळेपासून शटरवरचं बोट आवरायचं, खंड्या हवेत थांबला की लगेच दाबायचं नाही, पडायला लागला की मगच.

संध्याकाळी गच्चीत गेले. काल पौष पौर्णिमा झाली, त्यामुळे चंद्र अंधार पडल्यावर तासाभराने वर आला, जवळजवळ पूर्ण. दोन्हींनी काढला. मागच्या स्क्रीनवर जुन्याचाच चंद्र मोठा, चौकटीच्या जवळपास निम्म्या उंचीचा, नव्यात तो पाव. पिक्सेल मोजले तर जुन्यात आरपार तेराशेच्या आसपास, नव्यात हजाराला थोडे कमी. तरी लॅपटॉपवर मोठं करून शेजारी शेजारी लावले तर टायको विवरातून निघालेले पांढरे किरण नव्यात जास्त लांबपर्यंत दिसतात, कडाही नीट. जुन्याची लेन्स पूर्ण झूमला ३३ मिलिमीटर उघडते, नव्याची ५०, तो फरक असणार. पण चंद्राच्या बाबतीत मी म्हणेन बरोबरी, कारण जुन्याने तो काढताना जो आनंद होतो, की बाई गं, एवढा जवळ, तो नव्याने होत नाही.

तेवढ्यात आई वर आली, शाल गुंडाळून. तिला जुन्याचा स्क्रीन बाहेर काढून वळवून दिला, म्हणजे तिला मान वर करायला नको, खाली बघून चंद्र दिसतो. तिने दांडा सरकवला. चंद्र मोठा होत होत चौकटीच्या निम्म्या उंचीपर्यंत आला. "अगं, हे काळे डाग म्हणजे ससा का गं?" म्हणाली. मग बराच वेळ काही बोललीच नाही, चंद्र हळूहळू सरकत चौकटीबाहेर जायचा आणि ती हात हलवून परत आणायची. तिचे हात हल्ली थोडे थरथरतात, पण कठड्यावर कोपर टेकवल्यावर चित्र थांबलं.

खाली आल्यावर विचारते, "हा कोणी वापरत नाही ना आता?" तिच्या खोलीच्या खिडकीसमोर उंबर आहे, तिथे सकाळी तांबट येऊन टुकटुक करतो, आवाज येतो आणि पक्षी सापडत नाही अशी तिची रोजची तक्रार. मी म्हटलं, घे की. तर म्हणाली पट्टा लांब आहे, पोटावर आपटतो, तेवढा आखूड करून दे.

पट्टा आखूड केला. कार्ड रिकामं करून घातलंय, बॅटरी फ्रिजवर चार्जिंगला आहे. आईने गजर सहाचा लावलाय.