ओल्ड कोर्स: डावीकडे मारा, पण किती ते ठरवून

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचं ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही, हे अजून पुष्कळांना पटत नाही. पहिल्या टीमागची, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेमागची, ती भारदस्त दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची, पण मैदान सार्वजनिक. या किनाऱ्यावरच्या जमिनीवर गावकऱ्यांचा हक्क आहे, हे १५५२ च्या सनदेतच नोंदलेलं आहे. १९७४ च्या कायद्यानंतर तिथली सगळी मैदानं लिंक्स ट्रस्ट सांभाळतो. थोडक्यात, ओळख लागत नाही. अधिकृत हँडिकॅपचा, म्हणजे खेळाचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो, आणि पैसे लागतात. हंगामात एका राउंडला ३०० पौंडांच्या वर. सार्वजनिक असलं तरी स्वस्त नाही.

टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी, दुपारपर्यंत नावं द्यायची आणि संध्याकाळी निकाल. किमान दोघं, जास्तीत जास्त चौघं. म्हाडाच्या सोडतीत मुरलेल्या माणसाला इथलं वातावरण परकं वाटणार नाही, फक्त इथे रोज नव्याने नाव घालता येतं. त्यामुळे एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नका, गावात तीन-चार दिवस हाताशी ठेवा. एकट्याने आला असाल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन वेगळ्या सोडतीत नाव नोंदवावं लागतं. हँडिकॅपच नसेल तर बाल्गोव्ह नावाचं नऊ होलचं मैदान शेजारीच आहे, तिथे दाखला विचारत नाहीत. गावाला रेल्वे स्टेशन नाही. ल्यूकर्सला उतरून ९९ नंबरची बस धरायची.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन फेअरवेवर, म्हणजे टीपासून झेंड्याकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यांवर, फिरतात. तुम्हीही फिरा, फुकट आहे. टीवरून न दिसणारे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, कुठे दडलेत ते पाहून ठेवायला याच्याइतकी चांगली संधी नाही. एकूण बंकर ११२, आणि त्यातले बरेचसे उलट्या बाजूने, म्हणजे ग्रीनकडून (झेंडा असतो त्या गुळगुळीत हिरवळीकडून) मागे पाहिलं की दिसतात.

आता खेळाकडे. पहिले होल गावापासून दूर जातात, शेवटचे परत येतात, आणि दोन्हींच्या फेअरवे एकमेकांना चिकटलेल्या आहेत. जाताना उजव्या हाताला काटेरी गॉर्सची झुडपं, येताना उजव्या हाताला हद्दीबाहेर. डावीकडे मात्र दोन्ही वेळा दुसऱ्या होलची मोकळी फेअरवे. म्हणून बॅग उचलणारा कॅडी टीवर उभं राहिल्या राहिल्या 'डावीकडे' म्हणतो. उजवीकडे वळणारा शॉट, म्हणजे स्लाइस, मारणाऱ्यांना, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, हे मैदान जड जातं ते यामुळेच. पण डावीकडची सुरक्षितता फुकट मिळत नाही. जितकं डावीकडे जाल तितका ग्रीनकडे यायचा कोन बिघडतो, मधे एखादा बंकर येतो आणि झेंडा त्याच्या बरोबर मागे. हिशेब असा ठेवा: वारा डावीकडून उजवीकडे असेल तर भरपूर डावीकडे, वारा शांत असेल तर फेअरवेची डावी कड. समोरून येणाऱ्यांना सावध करायला 'फोर!' ओरडायला लाजू नका.

पुण्याच्या किंवा चेंबूरच्या मैदानावर झाडं वारा अडवतात आणि वेजने, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने (काठीने), उचललेला चेंडू पडल्या जागी थांबतो. इथे झाडच नाही, आणि कोरड्या दिवसांत जमीन इतकी टणक की ग्रीनवर थेट पडलेला चेंडू मागच्या बाजूने निघून जातो. ग्रीनच्या वीस-तीस यार्ड अलीकडे पाडून घरंगळत न्यायचा. समोरून वारा असेल तर जोर वाढवायचा नाही. जोराने मारलं की फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि तिथेच लटकतो. एक-दोन नंबर लांब मारणारा क्लब घ्या, चेंडू उजव्या पायाकडे थोडा मागे ठेवा, हात पुढे, आणि स्विंग छातीच्या उंचीवर संपवा.

ग्रीनजवळ सर्वात जास्त शॉट वाया घालवतो तो सँड वेज. आखूड, घट्ट गवताखाली गादीच नसते. वेजचा जाड तळ जमिनीवर आपटून उसळतो, कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपार. ग्रीनबाहेर वीस-तीस यार्डांवर असलात आणि मधे बंकर नसेल तर सरळ पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब, काढा. मोठा चढ आडवा असेल तर आठ नंबरचा आयर्न, पटरसारखाच धरून. घरून निघायच्या आधी पटरने लांब अंतराचा सराव करा. इथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत, प्रत्येकावर दोन झेंडे, आणि त्या दोन होलच्या आकड्यांची बेरीज नेहमी १८: दुसरं आणि सोळावं, पाचवं आणि तेरावं. जाताना पांढरा झेंडा, येताना लाल. अठराव्यावर मात्र पुन्हा पांढरा. चुकीच्या अंगाला चेंडू पडला तर चाळीस-पन्नास पावलांचा पट, म्हणजे पटरचा शॉट, समोर येतो, आणि तीन पटमध्ये सुटलात तर नशीब.

बंकरचं गणित वेगळं. भिंती हिरवळीच्या थरांनी उभ्या रचलेल्या, जवळजवळ सरळ. चौदाव्यावरचा 'हेल' तर माणूस आत दिसेनासा व्हावा इतका खोल. १९९५ च्या ओपन स्पर्धेत जॅक निक्लॉससारख्या दिग्गजालाही त्याने अडकवलं आणि त्या होलला दहा शॉट लागले. भिंतीपासून हातभर अंतरावर चेंडू असेल तर झेंड्याकडे पाहूच नका. आडवा किंवा मागे काढा. तेही जमणार नसेल तर २०१९ पासूनच्या नियमांनी एक वाट दिली आहे: दंडाचे दोन शॉट घ्यायचे आणि झेंडा व चेंडू यांच्या सरळ रेषेत बंकरच्या मागे बाहेर ड्रॉप करायचा. अहंकार दुखतो, पण तीनदा वाळू उडवण्यापेक्षा हे स्वस्त. चौदाव्यावर तर सुरुवातीपासूनच डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर खेळलं की हेल वाटेतच येत नाही.

सतराव्याला, रोड होलला, टीवरून हॉटेलच्या कोपऱ्यातल्या शेडवरून चेंडू न्यावा लागतो. उजवीकडे गेला तर हॉटेलात. डावीकडे पळाल तर रोड बंकर तुमच्या आणि झेंड्याच्या मधे. ग्रीनमागे रस्ता, त्यापलीकडे भिंत, आणि रस्त्यावरून फुकट सुटका नाही. चेंडू आहे तिथून खेळायचा, वेज डांबरावर घासत. पार, म्हणजे अपेक्षित शॉटची संख्या, चारच असली तरी पाच धरून चला: दुसरा शॉट ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूला ठेवा, तिथून पटरने चढवा.

बग्गी मिळत नाही, म्हणून बॅग हलकी ठेवा. दहा क्लब पुरतात. राउंड चार तासांच्या आत संपवावा अशी अपेक्षा असते आणि मार्शल घड्याळ बघतात. चेंडू शोधायला तीन मिनिटं, नंतर सोडून द्या. नोव्हेंबर ते मार्च दर उतरतात, पण फेअरवेवर चेंडू लहानशा चटईवर ठेवून मारावा लागतो. गवत वाचतं, मजा थोडी कमी होते.

अठराव्याची फेअरवे पहिल्याला जोडलेली, अवाढव्य रुंद, आणि दोन्हींना छेदून गावचा रस्ता जातो. त्यावर माणसं चालत असतील तर थांबायचं, ती तुमच्यासाठी थांबणार नाहीत. इथेही उजवीकडे हद्दीबाहेर, त्यामुळे निशाणा क्लबहाऊसच्या घड्याळाच्या डावीकडेच. दुसरा शॉट आखूड पडला की ग्रीनपुढच्या 'व्हॅली ऑफ सिन' या खळग्यात परत घरंगळतो. एक नंबर लांब मारणारा क्लब घ्या आणि झेंड्याच्या पुढे जाऊ द्या.