मॉन्टसेरात : उभे पीक आणि ज्वालामुखी

कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटाहून शेजारच्या मॉन्टसेरात बेटाला शिडाच्या बोटीने जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. हाल झाले ते पोहोचल्यावर. बोट नांगरण्याची नेहमीची जागा म्हणजे उत्तरेकडील लिटल बे. उत्तरेकडून लाटा आल्या की तेथे बोट रात्रभर अशी हेलकावते की बिछान्यावर पडून राहणे हेच एक काम होऊन बसते. शिडाच्या प्रवासाचे गोडवे गाणारे ही रात्र का वगळतात, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर प्लिमथला गेलो, कारण ज्वालामुखीमुळे बंद केलेल्या निषिद्ध क्षेत्रात एकट्याने फिरता येत नाही. कागदोपत्री ही आजही बेटाची राजधानी आहे. सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जुलै १९९५ मध्ये जागा झाला. त्याचा लाव्हा घट्ट असल्याने तो वाहत जाण्याऐवजी मुखाशीच घुमटासारखा साचतो, आणि तो घुमट कोसळला की तापलेले वायू, राख आणि दगड यांचा लोंढा उतारावरून सुसाट खाली येतो. अशा लोंढ्यांनी आणि पुढे पावसाबरोबर उतरलेल्या चिखलाने शहर इतके गाडले गेले आहे की काही इमारतींचे फक्त वरचे मजले दिसतात. लोकांना ऑगस्ट १९९५ मध्ये येथून हलवले, परत येऊ दिले, डिसेंबरात पुन्हा हलवले, आणि एप्रिल १९९६ मध्ये जे बाहेर काढले ते कायमचेच.

वाटाड्या २५ जून १९९७ विषयी सांगू लागला. त्या दिवशीच्या लोंढ्यात निषिद्ध क्षेत्रात असलेले एकोणीस जण दगावले. "धोका ठाऊक असताना ही माणसे तिथे गेलीच कशाला?" असे आमच्यातील एका गृहस्थांनी विचारले आणि लगेच छायाचित्रासाठी मान वळवली. मला तो प्रश्न फार झोंबला. उत्तरेत निवाऱ्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांना भाजीपाला हवा होता, आणि बेटाची कसदार जमीन नेमकी ज्वालामुखीच्या उतारांवर होती. शेतात पीक उभे असताना शेतकरी सरकारी नकाशावरची रेघ पाहून घरी बसतो, असे ज्याला वाटते, त्याने शेती लांबूनही पाहिलेली नसावी. मराठवाड्यात आजोळ असलेल्या मला तरी हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. वाटाड्याने मात्र तो प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. बहुधा दर फेरीत कोणीतरी तो विचारतच असावे.

संध्याकाळी मटणाचा 'गोट वॉटर' नावाचा झणझणीत रस्सा खाल्ला, आणि तो वाढणाऱ्या बाईंनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढला. उरलेले दिवस उत्तरेच्या हिरव्या टेकड्यांत गेले. निघताना कप्तानाने बोट बेटाच्या पूर्वेकडून, निषिद्ध सागरी पट्टा टाळून, बरीच लांबून नेली, कारण वारा राख आणि गंधकाचा वास पश्चिमेकडे लोटतो. ग्वाडेलूप हे पुढचे बेट येईपर्यंत त्या गृहस्थांशी मी कामापुरतेच बोलले.