तुम्ही विचारलंत म्हणून: कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात करावी का?

"यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) हवा तो कॅम्पस मिळाला नाही. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला घातलं तर मूल मागे पडेल का?" दर वर्षी प्रवेशाचे निकाल लागले की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून हा प्रश्न येतो. नाही पडणार. खुशाल घाला, पण ट्रान्स्फरचं, म्हणजे दोन वर्षांनी तिथून यूसीत जाण्याचं, गणित पहिल्या सेमिस्टरआधी मांडा.

पैशांचं आधी उरकू. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. ट्रान्स्फरला ६० सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर; पुस्तकं, पार्किंग वेगळं. भारतातून एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांना मात्र हा दर नाही. त्यांची अनिवासी फी कितीतरी जास्त असते, त्यामुळे स्वस्त पडेल या हिशेबाने त्यांनी येऊ नये.

आता खरं काम. असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर आपलं कॉलेज, जायचा कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडा. इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात, ते ओळीने दिसतं. ही यादी छापून घ्या आणि शेवटच्या सेमिस्टरपासून मागे मोजत या.

इंजिनिअरिंगचंच बघा. कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. आधीचा पास झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही आणि फिजिक्सही कॅल्क्युलसवर अडलेलं असतं. चार सेमिस्टरांत हे जेमतेम बसतं. "आधी सोपे जनरल विषय उरकू, गणित नंतर बघू" असं ठरलं, की पूर्ण साखळी सरकते आणि दोनाची तीन वर्षं होतात. त्यात छोट्या कॉलेजांत इंजिनिअरिंगचे काही कोर्स वर्षातून एकदाच असतात. सर्वांत जास्त मुलं इथेच अडकतात, आणि हुशार मुलंसुद्धा.

दुसरी अडचण वेळेची. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरायचा असतो. तेव्हा हातात पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे ग्रेड असतात. चालू सेमिस्टरचे जानेवारीत कळवायचे. म्हणून 'पहिलं सेमिस्टर रुळायला' ही चैन परवडत नाही. शिवाय सी मिळाला तर तो पास धरला जातो आणि ग्रेड सुधारण्यासाठी तो कोर्स पुन्हा घेता येत नाही. विषय झेपत नसेल तर सुरुवातीच्या मुदतीतच सोडा, ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागत नाही.

टॅग म्हणजे यूसीत ट्रान्स्फरला हमीचा प्रवेश. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस तो देतात. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसचा टॅग भरता येतो, तोही सप्टेंबरात, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिट झालेले हवेत. कॉम्प्युटर सायन्ससारखे मागणीचे मेजर काही कॅम्पस टॅगमधून वगळतात, तेव्हा त्या वर्षीचे नियम वाचल्याशिवाय हमी गृहीत धरू नका. कॅल स्टेटला (राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला) जायचं असेल तर ट्रान्स्फरसाठीची असोसिएट डिग्री जास्त सरळ पडते.

काउन्सेलरची वेळ पहिल्याच महिन्यात घ्या. सप्टेंबरात टॅगची झुंबड असते. जाताना असिस्टची यादी आणि एपीचे (हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेजपातळीच्या परीक्षांचे) गुण सोबत न्या. एपी कॅल्क्युलस चांगल्या गुणांनी झाला असेल, तर थेट कॅल्क्युलस दोनला बसता येईल का, हे सर्वांत आधी विचारा.