पुण्याहून इरुंगाट्टुकोट्टईला: स्वतःच्या स्पोर्ट्स कारने केलेला ट्रॅक डे

चेन्नईच्या पश्चिमेला, पुण्याहून येताना श्रीपेरुंबुदूर ओलांडल्यावर लागणाऱ्या इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा ट्रॅक आहे. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यती १९९० नंतर येथे येऊ लागल्या, आणि अलीकडे त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट असे नाव मिळाले. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. पुणेकरांच्या सोयीची गोष्ट अशी की पुण्यावरून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गच बंगळूर आणि वेल्लूर करत आपल्याला थेट या ट्रॅकपाशी आणून सोडतो. हौशी चालकांसाठी येथे होणाऱ्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता आपापल्या गाडीने ट्रॅकवर फेऱ्या मारण्याच्या दिवसाला, मी माझी पोर्शे ७१८ केमन घेऊन गेलो. आपली गाडी नेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, या हेतूने हा वृत्तांत लिहीत आहे. ज्या गाडीने ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या, त्याच गाडीने साडेअकराशे किलोमीटर घरी परतायचे आहे, ही गोष्ट तयारीच्या पहिल्या दिवसापासून मनात ठेवावी. खाली जे सांगितले आहे ते बहुतेक सगळे या विचारातूनच आले आहे.

तयारीत सर्वांत जास्त लक्ष ब्रेककडे द्यावे. चालकासह दीड टन वजनाची गाडी ताशी १८० वरून ८० किलोमीटरवर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तिच्यावर जवळपास पाच लिटर पाणी उकळीला येईल, आणि हे प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा घडत असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तेच मानक १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून निघण्यापूर्वी ऑइल पूर्ण बदलून घ्यावे आणि शक्य असल्यास डॉट ५.१ किंवा ट्रॅकसाठी बनवलेले उच्च तापमानाचे डॉट ४ घालावे. डॉट ५ मात्र घालू नये. ते सिलिकॉनवर आधारलेले असते आणि बाकीच्यांत मिसळत नाही. ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. जास्त हॉर्सपॉवरसाठी इंजिनाचे रिमॅपिंग (त्याच्या संगणकातील सेटिंग बदलणे) करून घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी पटीने सार्थकी लागतो, असे माझे ठाम मत आहे.

विम्याची अटही नीट वाचून घ्यावी. आपल्याकडील नेहमीच्या मोटार पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत संघटित शर्यत, वेगचाचणी असे वापर वगळलेले असतात. त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून भरावे लागेल, असे धरून चालावे. ज्यांना ही जोखीम झेपणार नाही त्यांनी आधी कार्टिंगने सुरुवात करावी. कोल्हापूरला, याच महामार्गावर, मोहिते यांच्या अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि वळणाची योग्य रेषा पकडायला कार्टइतका चांगला गुरू नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. सातारा ते कागल या टप्प्यात रुंदीकरणाच्या कामांमुळे जागोजागी वळवलेले रस्ते आणि सुटी खडी लागते. बुटक्या गाडीने तेथे घाई करू नये, कारण टायरच्या बाजूला बसलेला कट ट्रॅकवर जीवघेणा ठरू शकतो. मुक्काम बंगळूरला करावा, पण शहरात न शिरता तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड धरून होसूर रस्त्याला बाहेर पडावे. होसूर, कृष्णगिरी, आंबूर, वेल्लूर हा पुढचा रस्ता सोपा आहे. टाकी श्रीपेरुंबुदूरलाच पूर्ण भरून घ्यावी. ट्रॅकवर पेट्रोल आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर संपते, आणि टाकी तळाशी आलेली असताना लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकून इंजिन अडखळू शकते.

सकाळी पहिले काम गाडीच्या तपासणीचे असते. डिक्कीतील बॅग, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची मॅट, मोबाइलचा स्टँड असे सगळे सुटे सामान आधीच काढून ठेवावे. टो हुक (बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा आकडा) लावून ठेवावा आणि चाकांचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळून घ्यावेत. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळाचे बूट एवढे असले की पुरते, तरी हेल्मेटचे कोणते मानक चालते ते आयोजकांना आधीच विचारावे. त्यानंतर चालकांची बैठक होते आणि तिथला शब्द न् शब्द ऐकावा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे फेरी सोडून सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यावर, या. निळा म्हणजे मागून जलद गाडी येत आहे. हौशी ट्रॅक डेला ओलांडणे साधारणपणे फक्त सरळ भागात आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच होते. ती खूण देण्यात कमीपणा नाही. आरशात गाडी दिसताच वाट देणाऱ्याचा दिवस सुरक्षित जातो आणि सगळ्यांनाच त्याचा आदर वाटतो.

पहिल्या सेशनला इन्स्ट्रक्टर शेजारी बसवावा. हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. येथे मुख्य सरळ पट्टा संपताच पहिले उजवे वळण वेगात घेतले जाते आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या वळणासाठी जोरदार ब्रेक लावावा लागतो, म्हणजे गाडी नुकतीच सावरत असतानाच वजन पुढच्या चाकांवर येते. केमनचे इंजिन मध्यभागी असल्याने ती वळायला तत्पर आहे, पण अशा वेळी ब्रेक झटकन सोडला तर पुढच्या टायरवरचा भार एकदम उतरतो आणि नाक रेषेबाहेर जाऊ लागते. माझ्या इन्स्ट्रक्टरने वेगाबद्दल एक अक्षरही काढले नाही. पेडलवरचा पाय स्टीअरिंग जितके वळेल तितकाच उचलायचा आणि नजर बॉनेटवरून उचलून वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर न्यायची, एवढेच ते सांगत राहिले. हे जमले त्या फेरीत स्टीअरिंग हातात हलके झाले, टायरचा किंचाळा थांबून एकसारखी गुणगुण ऐकू येऊ लागली, आणि गाडी आधीपेक्षा जलद असूनही सगळे संथ वाटू लागले. तो आनंद महामार्गावर कोणत्याही वेगाने मिळणार नाही, आणि तेथे तो शोधूही नये.

सेशन पंधरा-वीस मिनिटांचे असले तरी पाच-सहा जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता सावकाश मारावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात. गाडी पार्कमध्ये किंवा गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. टायरमधली हवा लगेच, टायर गरम असतानाच मोजावी. ती सहज पाच-सहा पीएसआयने चढलेली आढळते, आणि वाढलेली हवा काढून टाकली की पकड लगेच सुधारते. मात्र संध्याकाळी टायर थंड झाल्यावर महामार्गासाठी ती पुन्हा भरायला विसरू नये. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ. ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मार्चपासून ऊन असह्य होते. प्रत्येक सेशननंतर मीठ-साखरेचे पाणी प्यावे, आणि लक्ष विचलित होऊ लागले की शेवटचे सेशन सोडून द्यावे. थकलेल्या चालकाच्या हातून चुका होण्याची शक्यता दिवसाच्या अखेरीस सर्वाधिक असते.

त्याच रात्री परतीला निघू नये. श्रीपेरुंबुदूरला मुक्काम करून सकाळी गाडी थंड असताना बोल्ट पुन्हा तपासावेत, टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून पाहावा आणि चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून पॅडची जाडी बघावी. पेडल आदल्या दिवसापेक्षा मऊ लागत असेल तर निघण्यापूर्वी चेन्नईतच ब्रेक ऑइल ब्लीड करून (नळ्यांतले बुडबुडे काढून) घ्यावे. पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर तेथेच नवे बसवावेत, आणि ते मिळाले नाहीत तर गाडी फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवून पुण्याला पाठवावी व आपण रेल्वेने यावे.