ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी हे बघा

इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, गाडीशिवाय साधं दूध आणायलाही जाता येत नाही आणि मॅन्युअल गाडी क्वचितच दिसते, त्यामुळे गिअरबॉक्सने कुरकुर सुरू केली की पोटात गोळाच येतो. आमची सेकंडहँड सेडान, पाच गिअरची ऑटोमॅटिक, हिवाळा संपता संपता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना खाडकन झटका द्यायला लागली, आणि पार्कमधून रिव्हर्सला टाकली की धप्प. एका शॉपवाल्याने जरा वेळ चालवून बघितली आणि सांगून टाकलं, रिबिल्ड करावं लागेल, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण खोलून परत बांधावा लागेल, ३,८०० डॉलर. ना तेल बघितलं ना स्कॅनर लावला. याचाच मला राग आला. आता आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या घेणारे खूप वाढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या अपार्टमेंटमध्ये सांगलीचे एक काका आहेत, आयुष्यभर गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम केलेले. त्यांचा पहिला प्रश्न, "झटका गार गाडीला बसतो का गरम गाडीला? आणि कुठल्या गिअरला?" मी म्हटलं, काका, गरम झाल्यावर जास्त, आणि दोन-तीनलाच. "मग हे लिहून ठेव, आणि आधी तेल बघ." हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, कारण कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट असतं आणि पहिली काही मिनिटं गिअर उशिरा किंवा जरा जोरात पडणं नॉर्मल आहे. गरम झाल्यावरही ठराविक एकाच गिअरला झटका येत असेल तर मात्र शोधायला जागा आहे.

ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं, त्याच्याच प्रेशरने आतले क्लच दाबले जातात. सोलेनॉइड (विजेवर चालणारे) व्हॉल्व्ह उघडतात-बंद होतात आणि कुठल्या क्लचला किती प्रेशर जायचं ते ठरतं. म्हणजे तेल कमी झालं, जुनं झालं किंवा सोलेनॉइड अडकायला लागला तर क्लच एक तर घसरतो नाहीतर धाडकन पकडतो, आणि आपल्याला बाहेरून दोन्ही "गिअरबॉक्स गेला" असंच वाटतं.

आमच्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची पट्टी, आहे (नव्या बऱ्याच गाड्यांना नसते, तिथे गाडी लिफ्टवर घेऊन प्लग काढून लेव्हल बघतात). बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, आमच्या गाडीत गरम करून, बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत, तर गाडीचं माहितीपुस्तक वाचूनच करा. थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकला. नवं तेल लालभडक आणि पारदर्शक असतं, आमचं निघालं कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण जळका वास नव्हता. हे चांगलं लक्षण. काळंकुट्ट आणि जळकट वास असेल तर क्लचप्लेटा जळाल्या असण्याची शक्यता जास्त, तिथे तेल बदलून फारसं काही होत नाही.

मग स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना स्कॅनर जोडायचं ओबीडी-२ सॉकेट आहे आणि पार्ट्सची बरीच दुकानं गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड फुकट वाचून देतात. पी०७०० आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंट्रोलमध्ये काहीतरी नोंद झालीय, खरा कोड त्याच्याबरोबरचा दुसरा असतो, उदाहरणार्थ पी०७५० म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड. आमच्यात कोड नव्हताच.

तेल मग आम्ही काकांच्या गॅरेजमध्येच बदललं, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर नीट उभी करून. ड्रेन प्लगच्या चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लगदा होता, तो चालतो. धातूचे तुकडे असते तर विषय वेगळा होता. जेवढं निघालं तेवढंच मोजून घातलं, आणि कंपनीने सांगितलेलंच तेल. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, जीएमचं डेक्सरॉन-६, ही एकमेकांच्या जागी घालायची नाहीत आणि सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तर संपूर्ण वेगळंच. एकदा ड्रेन केल्यावर सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाने भरलेल्या भागात) राहतं, म्हणून काही दिवस चालवून परत बदललं. दोन-तीनचा झटका गेला.

रिव्हर्सची धप्प मात्र तशीच. काकांनी बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघितलं, मी ब्रेक गच्च दाबून रिव्हर्स-ड्राइव्ह करत होतो, तर इंजिनच उचलून आपटत होतं. इंजिन माउंटचं, म्हणजे इंजिन ज्या आधारावर बसवलेलं असतं त्याचं, रबर फाटलेलं! ते बदललं आणि तोही आवाज थांबला. म्हणजे एका झटक्याची दोन वेगळी कारणं, आणि त्यातलं एक तर गिअरबॉक्सच्या बाहेरचं.

"लाइफटाइम तेल", म्हणजे कधी बदलायलाच नको, असं काही गाडीवाल्या कंपन्या सांगतात, त्या शब्दावर माझा अजिबात विश्वास नाही. झेडएफ ही स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते, आणि गाडी बनवणाऱ्यापेक्षा मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन.

(जाता जाता, इथून जवळच्या लिव्होनियामध्ये जीएमचा हायड्रामॅटिक नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना होता, १२ ऑगस्ट १९५३ ला तो आगीत संपूर्ण गेला. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली पूर्ण ऑटोमॅटिक म्हणजे हीच हायड्रामॅटिक.)

भारतातल्या मंडळींनी आधी आपली ऑटोमॅटिक कुठली ते बघावं. २०१४ च्या सेलेरियोपासून आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर एक मशीन (अ‍ॅक्च्युएटर) हलवतं, त्यामुळे गिअर बदलताना थोडं डोकं पुढे जाणं हा तिचा स्वभावच आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून हलकासा पाय उचलला की ते कमी होतं. तिला हे लाल तेल लागतच नाही. तिचा झटका हळूहळू वाढत असेल तर क्लच आणि अ‍ॅक्च्युएटर तपासायला सांगा, आणि सांगताना कुठला गिअर, किती स्पीड, गार का गरम, एवढं तरी नक्की सांगा.