पायपुसणं, सकाळी आठच्या आत

दुपारी जरा डोळा लागतोय तोच कुठूनतरी गालिचा झटकल्याचा धपधप आवाज यावा, आणि आपली बाजू घेणारा एक कायदा जगात कधीतरी झाला हे आठवून बरं वाटावं. लंडनचा महानगर पोलीस कायदा, सन १८३९, कलम ६०: रस्त्यावर गालिचा, सतरंजी किंवा चटई झटकायला मनाई, दंड चाळीस शिलिंगांपर्यंत. पायपुसणं मात्र चालेल. सकाळी आठच्या आत.

हे ‘आठच्या आत’ फार मोलाचं. विचित्र कायद्यांच्या याद्या वाचताना लोक मनाईला हसतात, पण खरी गंमत अपवादात असते. गालिच्यावर बंदी घालणारा नुसता वैतागलेला असतो. पायपुसण्याला आठपर्यंत सवलत देणाऱ्याने मात्र दारातली झाडलोट केव्हा होते आणि रस्त्याला वर्दळ केव्हा लागते, याचा हिशोब केलेला असणार.

याच कायद्याचं कलम ५४ उघडलं की सगळी वात्रट पोरं एका रांगेत उभी केलेली दिसतात. विनाकारण दाराची बेल वाजवणारी (पळून जाण्याचा उल्लेख नाही, पण बेल वाजवून थांबतो कोण?), पतंग उडवणारी, बर्फावर घसरगुंडी करणारी. इथेही अट आहेच. पतंगाचा कुणाला तरी त्रास व्हायला हवा, घसरगुंडीने येणाऱ्याजाणाऱ्यांना धोका व्हायला हवा. नसेल होत, तर खुशाल घसरा.

खोट्या कायद्यांना असले बारकावे नसतात. ‘ब्रिटिश संसदेत मरायला बंदी आहे’ हे त्यातलं नामांकित. ना कलम, ना साल, ना शिक्षा. आणि शिक्षा करणार तरी कुणाला? तिथल्याच विधी आयोगाने २०१३ मध्ये असा कायदाच नसल्याचं सांगून टाकलं. १८१२ मध्ये पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना जीवघेणी गोळी लागली ती संसदेच्या लॉबीतच. नॉर्वेच्या लाँगयिअरब्येनमध्ये मरणं बेकायदा आहे, हीही तशीच वावडी. तिथली जमीन बारमाही गोठलेली, पुरलेलं प्रेत कुजत नाही, म्हणून १९५० च्या सुमारास दफन थांबवलं. अस्थिकलश मात्र पुरता येतो. बंदी दफनाला आहे, मरणाला नाही.

स्पेनमधल्या लान्हारोन गावच्या महापौरांनी मात्र १९९९ मध्ये गावकऱ्यांना खरोखरच मरायला मनाई केली. दफनभूमी भरली होती. पण त्या हुकमालाही मुदत होती: नवी जागा मिळेपर्यंत. तेवढ्या तीन शब्दांवरून ओळखावं, की हा अस्सल.

सिंगापूरच्या च्युइंगगमबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. चघळलेला गोळा मेट्रोच्या दाराच्या सेन्सरवर चिकटवला की दार नीट लागेना, गाडी खोळंबे. म्हणून १९९२ मध्ये आयात आणि विक्री बंद. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. २००४ मध्ये औषधी गमला सवलत मिळाली, ती अशी की औषधविक्रेत्याने घेणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहून घ्यायचा.

फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप या द्राक्षमळ्यांच्या गावाने १९५४ मध्ये उडत्या तबकड्यांना उतरायला बंदी केली. तबकडी कुठल्याही राष्ट्राची असो, उतरली की जप्त. इथे सवलत नाही, मुदत नाही, आणि तरी फर्मान अगदी खरं. आपली कसोटी इथे आपटते. आपटू दे.

एका अपवादाला मात्र हसता येत नाही. पॅरिसमध्ये १८०० च्या फर्मानाप्रमाणे बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी लागे, आणि ती मिळे वैद्यकीय दाखल्यावर. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी सवलत दिली: हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल. म्हणजे सायकल भिंतीला टेकवून ती चार पावलं चालली, की गुन्हा. कुणीतरी बसून, नीट विचार करून, हेही लिहिलं. ते फर्मान आता निकामी आहे, असं सरकारने लेखी सांगितलं २०१३ साली.